पिसाचं टोक आणि तास्कँचं वाद्य

संपादकांना हवा होता हार्पसिकॉर्ड या जुन्या कळवाद्याच्या ध्वनिमुद्रिकांवरचा लेख. त्या ऐकायला बसलो आणि वेष्टनांवरच्या बारीक अक्षरांत एक नोंद पुन्हा पुन्हा दिसायला लागली: वाद्य, १७६९च्या तास्कँवरून बनवलेलं. वाजवणारे वेगळे, बनवणारे वेगळे, मूळ मात्र एकच. तेव्हा आधी त्या मुळाकडेच गेलेलं बरं.

ते मूळ वाद्य एडिंबरात आहे. काउगेट या जुन्या, उतारावरच्या रस्त्यालगत सेंट सिसिलियाज हॉल उभा आहे. रॉबर्ट माइलनच्या आराखड्यानुसार तो १७६३ मध्ये मुद्दाम मैफलींसाठी बांधला. स्कॉटलंडमध्ये अशा कामासाठी बांधलेलं याहून जुनं सभागृह नाही. मधल्या काळात तिथे प्रार्थनामंदिर झालं, शाळा झाली, नाचघरही झालं. पुढे विद्यापीठाने वास्तू घेतली. रेमंड रसेल हा अभ्यासू संग्राहक. त्याची जुनी कळवाद्यं, त्यांत हे तास्कँही, १९६४ मध्ये विद्यापीठाकडे आली आणि १९६८ पासून ती इथे आहेत. इतिहास एवढा पुरे.

पास्काल तास्कँ मूळचा लिएजजवळच्या थ्यो गावचा. पॅरिसमध्ये तो ब्लांशे घराण्याच्या कारखान्यात कामाला लागला. १७६६ मध्ये मालक वारला, तास्कँने त्याच्या विधवेशी लग्न केलं आणि कारखाना हाती घेतला. त्यानंतर तीन वर्षांनी हे वाद्य तयार झालं. एकावर एक अशा पट्ट्यांच्या दोन रांगा, पाच सप्तकं, ६१ स्वर. प्रत्येक स्वराला तीन तारा: दोन एकाच उंचीच्या, तिसरी एक सप्तक वरची. म्हणजे तारा १८३, आणि त्या छेडणारे जॅकही १८३.

या जॅकने मला बांधून ठेवलं. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडाची पातळ काडी वर उचलली जाते, तोच जॅक. त्याच्या डोक्यापाशी खाच, खाचेत बारीक खिळीवर झुलणारी जीभ, आणि जिभेतून आडवं डोकावणारं पिसाचं टोक. कावळ्याच्या पिसाच्या दांडीतून कापलेलं, जेमतेम काही मिलिमीटरचं. वर जाताना हे टोक तारेखाली अडतं, वाकतं आणि तारेला छेडून सुटतं. खरी करामत उतरताना आहे. जॅक खाली येताना टोक पुन्हा तारेवर आदळणार, पण तेवढ्यात जीभ मागे झुकते, टोक तारेला ओझरतं घासून खाली निसटतं, आणि पाठीमागे लावलेला रानडुकराचा एक राठ केस जिभेला परत सरळ करतो. मग जॅकच्या वरच्या कडेला लावलेला लोकरी कापडाचा तुकडा तारेवर बसतो आणि स्वर थांबतो. हे सगळं एका क्षणात, जलद सुरावटीत सेकंदाला कितीतरी वेळा, तेही स्वतःच्या वजनाने पडणाऱ्या काडीच्या जिवावर.

पिसाच्या खालच्या अंगाने धारदार सुरीने कणभर तासून आवाज घडवायचा असतो. जास्त तासलं तर स्वर मलूल होतो, कमी तासलं तर बोटाला जड लागतं आणि स्वर खरखरतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर ज्या कानाने घोडी घासतो, त्याच कानाचं हे काम आहे. एक जमलं की उरली १८२. आणि सगळी एकमेकांशी जुळायला हवीत. आज बरेच कारागीर पिसाऐवजी डेल्रिन नावाचं प्लास्टिक वापरतात. ते टिकतं, म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पट्टी जोरात दाबा किंवा हळू, आवाजात फारसा फरक पडत नाही. पियानोवर वाढलेल्या कानाला हे वैगुण्य वाटतं. वादकाच्या हाती उरतो तो वेळ: एखादा स्वर किंचित उशिरा आणायचा, एक सुटायच्या आत दुसरा त्यावर चढवायचा. चांगल्या ध्वनिमुद्रणात नेमकं हेच ऐकायचं असतं.

वांदा लांदोव्स्काने १९३३ मध्ये पॅरिसला बाखची ‘गोल्डबर्ग’ रूपं मुद्रित केली, ती प्लेयेल कंपनीच्या लोखंडी सांगाड्याच्या अवजड वाद्यावर. तास्कँने ते वाद्य ओळखलंही नसतं. पण तिच्या वाजवण्यातला रुबाब अजून फिका पडलेला नाही. पुढे बॉस्टनच्या फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी जुनी वाद्यं मोजून, तपासून तशीच हलकी लाकडी वाद्यं बनवायला घेतली. हबर्डने तर तास्कँच्या नमुन्यावरून घरी जोडता येईल असा सुट्या भागांचा संच विकायला काढला. या एका वाद्याची इतकी पिल्लं जगभर झाली ती अशी.

मग मूळ वाद्यच का वाजवत राहू नये? अडचण इथेच आहे. १८३ तारांचा ताण अडीचशे वर्षं एका पातळ लाकडी पेटीवर पडतोय. तो कधी सुटत नाही. हवेतला दमटपणा बदलला की फुलं रंगवलेली नाजूक ध्वनिफळी फुगते, आक्रसते, तडकते. वाजवलं की टोकं झिजतात, तारा तुटतात, दुरुस्ती करावी लागते. आणि प्रत्येक दुरुस्तीत तास्कँच्या हातची एखादी खूण पुसली जाते. ज्या खुणांवरून नकला करायच्या, त्याच जायच्या. त्यामुळे रसेल संग्रहातली काही वाद्यं वाजती ठेवली आहेत, काही मुकी.

‘अस्सल’ म्हणजे तरी काय? याच संग्रहात गोरमान्स या कारागिराने १७६४ मध्ये बनवलेलं एक वाद्य आहे. तास्कँने ते १७८३-८४ मध्ये बदलून घेतलं आणि अँटवर्पच्या कूशेचं म्हणून सजवलं, कारण त्या काळी पॅरिसमध्ये जुन्या अँटवर्पी वाद्यांना भलताच भाव होता. आमचा थोर कारागीर बनवाबनवीतही मागे नव्हता! दोनशे वर्षांनी जर्मनीच्या मार्टिन स्कोव्रोनेकने १९८४ मध्ये वादक गुस्ताव लेओनहार्टसाठी एक हार्पसिकॉर्ड घडवला आणि त्यावर जुन्या कारागिराचं नाव-साल घातलं: लफेव्र, १७५५. जाणकारांनी तो बरीच वर्षं जुना मानला. अखेर २००२ मध्ये स्कोव्रोनेकनेच लेख लिहून सगळं सांगितलं. त्यातून मला तरी एवढं पटलं की आवाज लाकडाच्या वयात नसून पीस तासणाऱ्या हातात असतो. तेव्हा जुनी वाद्यं मोजायला आणि समजून घ्यायला जपावीत, रोजचं वाजवणं नकलांवर करावं, आणि मुळावर कधीमधी एखादं नीट ध्वनिमुद्रण व्हावं.

नव्याने ऐकू पाहणाऱ्याने स्कॉट रॉसपासून सुरुवात करावी. स्कार्लातीच्या ५५५ सोनाटा त्याने १९८४-८५ मध्ये मुद्रित केल्या आणि १९८९ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी तो गेला. सगळ्या ऐकायची गरज नाही, रोज दोन पुरेत. मात्र आवाजाचं बटण नेहमीपेक्षा बरंच खाली ठेवा. हार्पसिकॉर्ड मुळात हळू बोलणारं वाद्य आहे. आवाज वाढवला की त्याचा नुसता खणखणाट होतो, आणि पुष्कळ जण तेवढ्यावरूनच त्याला कंटाळतात.