खोटी हाक देणारा आफ्रिकी कोतवाल

कापणीनंतरच्या शेतात गुरांच्या पाठीवर किंवा विजेच्या तारेवर बसलेला, दुभंगलेल्या शेपटीचा काळाभोर कोतवाल आपल्या परिचयाचा आहे. घरट्याजवळ फिरकणाऱ्या कावळ्या-घारींचा तो निर्भयपणे पाठलाग करतो. त्याच्या पहाऱ्याचा लाभ घेण्यासाठी इतर लहान पक्षीही त्याच्या आसपास घरटी बांधतात. ‘कोतवाल’ हे नाव त्याला शोभते ते यामुळेच.

त्याचा एक भाऊबंद आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील सव्हाना प्रदेशात, विरळ काटेरी झाडीत राहतो. लांबी सुमारे २५ सेंटिमीटर, वजन जेमतेम ५० ग्रॅम, रंग काळा आणि डोळे लाल. एकेकाळी या दोघांना एकाच जातीचे मानले जात असे. फांदीवरून झेप घेऊन उडते कीटक टिपणे, ही त्याचीही रीत. मात्र दक्षिण आफ्रिकेतील कलहारीच्या रेताड प्रदेशात त्याने उपजीविकेचा आणखी एक मार्ग शोधला आहे.

तेथे मुंगसाच्या कुळातील मीरकॅट आणि आपल्या सातभाईंच्या नात्यातील काळे-पांढरे पक्षी कळपाने किंवा थव्याने भक्ष्य शोधत हिंडतात. वाळूत डोके खुपसलेल्या या प्राण्यांना शिकारी पक्षी चटकन दिसत नाही. उंच फांदीवरचा कोतवाल तो हेरतो, इशारा देतो आणि सारे आडोसा गाठतात. हा इशारा खरा असतो. परंतु एखाद्याने वाळूतून पुष्ट अळी किंवा विंचू उकरून काढला, की कोतवाल कोणताही धोका नसताना तीच हाक देतो. घाबरलेला प्राणी घास टाकून पळतो आणि कोतवाल तो अलगद उचलतो. स्वतःला वाळू उकरता येत नसल्याने असे मोठे भक्ष्य त्याला एरवी दुर्लभच. थंडीच्या सकाळी उडते कीटक कमी असतात, तेव्हा ही लबाडी विशेष कामी येते.

‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या मुलावर अखेर कोणी विश्वास ठेवला नाही. मग कोतवालाचे कसे निभावते? टॉम फ्लॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. त्यांनी अभ्यासलेल्या ६४ कोतवालांनी मिळून ५१ प्रकारच्या खोट्या हाका दिल्या. त्यांत स्वतःच्या हाकांबरोबरच इतर पक्ष्यांच्या आणि मीरकॅटच्या हाकांच्या हुबेहूब नकला होत्या. एकच हाक वारंवार ऐकली, की ऐकणारे सावध होतात व तिकडे दुर्लक्ष करू लागतात. हे लक्षात येताच कोतवाल आवाज बदलतो. त्याच्या दैनंदिन आहारापैकी सुमारे २३ टक्के अन्न या चोरीतून मिळते.

तरीही फसणाऱ्यांना मूर्ख ठरवणे अन्यायाचे होईल. खोट्या हाकेवर विश्वास ठेवला तर एक घास जातो. खऱ्या हाकेवर अविश्वास दाखवला तर जीव जातो. शिवाय कोतवाल पहाऱ्यावर असताना त्यांना स्वतः मान वर करून पाहण्यात कमी वेळ दवडावा लागतो आणि पोटभर खाता येते. म्हणजे हिरावला जाणारा घास ही एका अर्थी पहारेकऱ्याची पट्टीच म्हणायची. खरी नाणी चलनात असतात, म्हणूनच त्यांत खोटे नाणे खपते. कोतवालाने पहारा सोडून केवळ थापाच मारल्या, तर त्याच्या हाकेला कोणीही दाद देणार नाही. त्याची लबाडी टिकून आहे ती त्याच्या प्रामाणिकपणाच्या बळावर.