जवळची वाट कशी शोधावी?

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. रामेश्वराच्या यात्रेकरूंना तेथे अन्न नि आसरा मिळे. वाटेला फाटे अनेक असता सर्वांत जवळची वाट कशी ओळखावी? डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांना १९५६ साली सुचलेली रीत १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती पाहू.

समजा, तंजावराहून ओरत्तनाडु ७ कोस आणि ‘अ’ गाव १० कोस आहे. सर्वांत लहान आकडा प्रथम कायम करावा, म्हणजे ओरत्तनाडुचा ७. दुसरीकडून येणाऱ्यास पहिल्याच टप्प्यात १० कोस पडतात. तेव्हा हा आकडा कमी होणे शक्य नाही. आता ओरत्तनाडुहून ‘अ’ २ कोस आणि मुक्कामाचे ‘ब’ गाव ८ कोस आहे असे धरू. ‘अ’चे १० खोडून ९ लिहावे, ‘ब’पुढे १५ मांडावे. उरलेल्यांत ९ लहान, म्हणून तो कायम. ‘अ’हून ‘ब’ ३ कोस असेल, तर १५ खोडून १२ येतात. थेट वाटेहून वळणाची वाट जवळची ठरली!

मात्र एक पथ्य पाळावे. अंतराऐवजी खर्च मांडताना एखाद्या टप्प्यावर उलट पैसेच मिळत असतील, म्हणजे आकडा उणे असेल, तर कायम केलेला आकडाही चुकू शकतो. तेथे ही रीत वापरू नये.