बुधवार पेठ : माल घ्या, पेठही पाहा

माल खरेदीसाठी पुण्याला जाणारे आपले व्यापारी बांधव सकाळी उतरतात, लक्ष्मी रोडवर भाव विचारतात, गठ्ठे बांधून घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. शेजारची बुधवार पेठ त्यांना ठाऊक असते ती तपकीर गल्लीतील विजेच्या सामानासाठी, नाहीतर तिथल्या बदनाम वस्तीमुळे. वास्तविक ही पेठ म्हणजे तिजारतीचा तीनशे वर्षांचा जुना दफ्तरखाना आहे.

औरंगजेब बादशहाचा पुण्यात मुक्काम होता त्या काळात, १७०३ च्या सुमारास, ही वस्ती वसली. तिचे पहिले नाव मुहियाबाद. पेशवाईत ती बुधवार पेठ झाली. बाजाराच्या वारावरून पेठांना नावे पडली, असे पुण्यात मानतात.

कापडवाल्याने प्रथम पाहावे ते पासोड्या विठोबाचे देऊळ. पासोडी म्हणजे जाड्याभरड्या सुताचे दुहेरी पांघरूण. देवळाजवळ पासोड्यांचा बाजार भरे, म्हणून देवालाच ते नाव चिकटले. पासोडी आज दुकानात शोधूनही मिळत नाही, पण विणकरांच्या त्या मालाचे नाव देवळाने राखले आहे.

पुढे तुळशीबाग. नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये येथे राममंदिराचे काम सुरू केले. भोवती बांगड्या, भांडी, खेळणी आणि बायकांच्या वस्तूंची दुकाने दाटली आहेत. लहान जागेत माल कसा मांडावा, हे दुकानदाराने येथे डोळे उघडे ठेवून शिकावे. जवळच नाना फडणविसांचे बेलबागेतील विष्णूमंदिर आहे. शिवाजी रस्त्यावरील दगडूशेठ गणपतीच्या नावातही धंदाच आहे. दगडूशेठ हे मिठाईचे व्यापारी, म्हणून गणपतीच्या नावापुढे हलवाई लागले.

दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती येथे. त्यांच्या कामात उस्मान शेख आणि फातिमा शेख यांची साथ होती असे सांगितले जाते. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचे नाव येते. म्हणून ही जागा आपल्या मुलींनाही दाखवावी.

पण वाडा आता दिसणार नाही. तळाला दुकाने, वर मोडकळीस आलेले मजले, अशा स्थितीत तो वर्षानुवर्षे उभा होता. स्मारकासाठी महापालिकेला जागा हवी होती आणि गाळेधारकांना रोजीची चिंता होती. दावा लांबला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही निकाल गाळेधारकांच्या विरोधात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वाडा पाडण्यात आला. स्मारक व्हायलाच हवे होते. पण दावा चालू असताना वाडा ढासळत राहिला आणि शेवटी मूळ भिंतीही उरल्या नाहीत.

गावोगाव आपली कित्येक दुकाने अशाच जुन्या वाड्यांत आहेत. त्यांनी यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. भाडेपावत्या, करारनामा आणि परवाना व्यवस्थित ठेवावा. आणि इमारत वारसा यादीत आहे का, हे नगरपालिकेत विचारून घ्यावे. यादीतील इमारतीची दुरुस्ती किंवा दर्शनी बाजूतला बदल परवानगीखेरीज करता येत नाही. वेळेवर केलेली लहान डागडुजी वाडाही वाचवते आणि गाळाही.

पेठ पाहायला दुकाने उघडण्यापूर्वीची सकाळ उत्तम. गणेशोत्सवाच्या दिवसांत मात्र चालणेही कठीण होते. स्वारगेटला उतरणाऱ्यांना २०२४ च्या सप्टेंबरपासून भुयारी मेट्रोने मंडई हे एकच स्थानक लागते, तेथून सर्व ठिकाणे पायी होतात. देवळांच्या आवारात जोडे काढावेत, आणि फोटो घेण्याआधी विचारावे. दोन तास पुरतात, आणि तेवढ्याने खरेदीचा खोळंबा होत नाही.