मेंदूच्या कापांपासून पावणेपाच लाख नमुन्यांपर्यंत

सायमन लव्हे या मज्जाशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये ४१ मृत व्यक्तींच्या मेंदूचे काप तपासले. त्यांतले १९ समलिंगी पुरुष एड्सने गेले होते. लव्हे स्वतः समलिंगी. त्यांचा जोडीदारही १९९०मध्ये याच रोगाने गेला होता. हायपोथॅलॅमसमधला एक चिमुकला पेशीपुंज भिन्नलिंगी पुरुषांत समलिंगी पुरुषांपेक्षा सरासरीने दुपटीहून मोठा आढळला. ३० ऑगस्ट १९९१च्या ‘सायन्स’मध्ये हे छापून आले आणि जगभर गाजले.

ते इतके का गाजले, हे समजायला आधीची दशके पाहावी लागतात. मुलगा समलिंगी निघाला तर आई वरचढ असणार आणि बाप अलिप्त, असे अमेरिकी मनोविश्लेषक छातीठोकपणे सांगत. १९७३मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, तरी आयांच्या माथी मारलेला दोष पुसला गेला नव्हता. पेशीपुंजाच्या बातमीने अशा घरांना केवढा दिलासा मिळाला असेल!

पुरावा मात्र तेवढा भक्कम नव्हता. नमुना लहान होता, एड्सचाही मेंदूवर परिणाम होतो आणि प्रौढ मेंदूतला फरक जन्मजात की नंतरचा, हे कापांवरून कळत नाही. जन्मजात असल्याचे आपण सिद्ध केलेले नाही, असे लव्हेही सांगत राहिले. २००१मध्ये विल्यम बाइन यांनी तोच पेशीपुंज पुन्हा तपासला. स्त्री-पुरुषांतला फरक पक्का निघाला. समलिंगी आणि भिन्नलिंगी पुरुषांत पेशींची संख्या मात्र सारखीच होती.

जनुकांच्या शोधाचीही अशीच गत झाली. डीन हेमर यांना १९९३मध्ये समलिंगी भावांच्या ४० जोड्यांपैकी ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या टोकाचा एक भाग सामायिक दिसला. १९९९मध्ये कॅनडातल्या ५२ जोड्यांत तो धागा सापडलाच नाही. पुढे ४०९ जोड्यांच्या अभ्यासात तो पुन्हा पुसट दिसला.

मला सर्वांत विचार करायला लावतो तो थोरल्या भावांचा अभ्यास. मुलाला जितके थोरले भाऊ अधिक, तितकी तो समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढते, असे रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांना आढळले. मूळ शक्यताच कमी असल्याने चार-पाच थोरले भाऊ असलेले बहुतेक पुरुषही भिन्नलिंगीच असतात. मग कारण काय, थोरल्या भावांचा सहवास? बोगार्ट यांनी २००६मध्ये नेमके हेच तपासले. एका आईच्या पोटचे भाऊ वेगळ्या घरात वाढले तरी परिणाम दिसला. एका छताखाली वाढलेल्या सावत्र किंवा दत्तक भावांमुळे दिसला नाही. म्हणजे बोट गर्भाशयाकडे जाते. सांख्यिकीय पद्धतीवर अलीकडे आक्षेप आले आहेत, पण लहानपणच्या संगतीवर खापर फोडणाऱ्यांकडे याच्या जवळपास जाणारा पुरावा नाही. स्त्रियांविषयीचे संशोधन मात्र फार तोकडे आहे.

३० ऑगस्ट २०१९ रोजी ‘सायन्स’मध्येच आलेल्या अभ्यासात पावणेपाच लाखांहून अधिक लोकांचे जनुकीय नमुने होते. ठळक अशा पाचच जागा सापडल्या. सगळे सामान्य जनुकीय फरक एकत्र धरले तरी समलिंगी संबंधांच्या बाबतीतल्या माणसामाणसांतल्या भिन्नतेचा ८ ते २५ टक्के भागच उलगडतो. त्यातही प्रश्न होता कधी समलिंगी संबंध आला का, एवढाच, ओढीचा नव्हता.

‘जन्मजात’ हे उत्तर मिळाले की समाज आपोआप उदार होईल, या आशेला इतिहास साथ देत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व्हिएन्नाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑयगेन श्टाइनाख समलैंगिकतेचे मूळ शरीरातच शोधत होते. त्यांच्या सिद्धान्तावर विसंबून समलिंगी पुरुषांचे वृषण काढून तिथे भिन्नलिंगी पुरुषाचे बसवले गेले. समलिंगींच्या हक्कांसाठी बर्लिनमध्ये लढणाऱ्या माग्नुस हिर्शफेल्ड यांनाही सुरुवातीला हे संशोधन आश्वासक वाटले होते. शस्त्रक्रिया फसल्या.

म्हणून आपल्याकडचा प्रवास मला मोलाचा वाटतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून वगळले, ते समता, प्रतिष्ठा आणि खासगीपणाच्या घटनादत्त हक्कांवर. पुढे मदुराईतल्या दोन तरुणी घरच्यांच्या विरोधामुळे चेन्नईला पळून आल्या आणि संरक्षणासाठी मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या जनुकांची चौकशी तिथे कोणी केली नाही. हा विषय आपल्याला नीट उमगलेला नाही, असे सांगून न्यायमूर्ती आनंद वेंकटेश स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे समजून घ्यायला बसले. जून २०२१च्या आदेशात त्यांनी लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ उपचारांना मनाई केली. २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.