हाकेचा इतबार

पुण्यामुंबईच्या गिरिभ्रमण करणाऱ्या मंडळींत आपला कुत्रा सोबत घेऊन डोंगर चढण्याचा प्रघात अलीकडे बराच रूढ झाला आहे, आणि मोकळ्या माळावर साखळी सुटताच कुत्र्याच्या अंगात जो आनंद संचारतो तो ज्याने एकदा पाहिला असेल, त्याला हा प्रघात का वाढावा हे वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु हा आनंद ज्या एका गोष्टीवर सर्वस्वी अवलंबून आहे ती गोष्ट, म्हणजे मालकाची हाक कानी पडताच समोरचे सारे प्रलोभन टाकून कुत्र्याने माघारी वळणे, ही बहुतेकांनी त्याच्या जन्मजात इमानावर सोपवून दिलेली असते. इमान हा कुत्र्याचा गुण खराच. तथापि दरीच्या काठावर, सशाच्या मागे धाव घेतलेल्या क्षणी, ते इमान एकटे पुरे पडत नाही. तेथे उपयोगी पडते ती महिनोन्‌महिने दिलेली तालीम, आणि त्या तालमीत कसोटी कुत्र्यापेक्षा मालकाचीच अधिक लागते, असे माझे ठाम मत आहे.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली, लाकडी पेट्यांत कोंडलेली मांजरे अडसर उघडून बाहेर येण्यास कशी शिकतात याचे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि त्यातून पुढे त्याने असा नियम मांडला की, ज्या कृतीचा परिणाम प्राण्याला सुखद होतो ती कृती पुन्हा घडण्याचा संभव वाढतो, व जिच्या पाठोपाठ असमाधान येते ती हळूहळू मावळते. हाकेला येणे ही अशीच एक कृती आहे. जुन्या सराफी पेढीवरच्या दर्शनी हुंडीप्रमाणे, हाक मान्य करून कुत्रा दाराशी आला की त्याची रक्कम तत्क्षणी रोख चुकती झाली पाहिजे. पेढीने दोनचार वेळा जरी टाळाटाळ केली तरी तिचा इतबार उडतो, आणि एकदा उडालेला इतबार परत बसवणे हे नवी पेढी घालण्याहून कठीण असते.

हा इतबार आपण आपल्याच हातांनी कसा घालवतो, ते पाहण्यासारखे आहे. सकाळी मैदानावर कुत्र्याला तासभर मोकळे सोडावे, त्या तासात त्याला एकदाही हाक मारू नये, आणि घरी निघण्याची वेळ होताच मोठ्याने हाक मारून, तो येताक्षणी गळ्यात साखळी अडकवावी, हा पुष्कळ घरांतला नित्याचा शिरस्ता आहे. आणि आठवडाभरात त्या मुक्या पण तल्लख प्राण्याने, हाक म्हणजे सुखाचा शेवट, असा निष्कर्ष काढला तर त्यात त्याचा कसूर कोणता? नखे कापण्यासाठी किंवा स्नानासाठी हाक मारून बोलावणे हाही त्यातलाच प्रकार. त्याहून घातक म्हणजे, उशिरा का होईना पण आलेल्या कुत्र्याला चापट मारणे. कारण शिक्षेचा संबंध तो दहा मिनिटांपूर्वीच्या अवज्ञेशी जोडत नाही, नुकत्याच केलेल्या शेवटच्या कृतीशी, म्हणजे परत येण्याशी जोडतो. आणि जे मालक एकाच दमात पाचसहा वेळा नाव पुकारतात, ते हाकेचा अर्थच झिजवून टाकतात. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत, ज्या खुणेमागोमाग अन्न येते त्या नुसत्या खुणेनेच कुत्र्याला लाळ सुटू लागते हे जसे दिसून आले, तसेच हेही दिसून आले की तीच खूण अन्नावाचून वारंवार दिली तर लाळ सुटणे क्रमाने बंद पडते. ज्या हाकेची अशी दशा झाली असेल ती सोडून द्यावी आणि नवा शब्द घेऊन पहिल्यापासून आरंभ करावा. जुन्या शब्दाची डागडुजी करण्यात काळ दवडू नये.

आता मोबदला कोणता द्यावा, हा या विषयाचा गाभा आहे. उकडलेली कलेजी, कोंबडीचे बारीक तुकडे, पनीर, असे काही वासाचे व मऊ पदार्थ कमरेच्या पिशवीत बाळगावेत. गिर्यारोहकांच्या शिदोरीत हटकून असणारे मनुका व चॉकलेट हे मात्र कुत्र्याला विषारी आहेत, हे कटाक्षाने लक्षात ठेवावे. परंतु खाद्य हाच एकमेव मोबदला मानणे ही दृष्टी अपुरी आहे. डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ साली असे तत्त्व मांडले की, प्राण्याला अधिक प्रिय असलेली कृती ही कमी प्रिय कृतीचे बक्षीस म्हणून वापरता येते. डोंगरावर कुत्र्याला अधिक प्रिय काय असते? हुंगणे, धावणे, ओढ्यात लोळणे. म्हणजे नेमके तेच, ज्यापासून आपण त्याला हाक मारून दूर आणतो. तेव्हा हाक मारावी, तो आला की घास द्यावा, गळपट्ट्याला क्षणभर हात लावावा, आणि लगेच ‘जा’ म्हणून त्याला पुन्हा त्याच झुडपाकडे सोडावे. वाटचालीतल्या बहुतेक हाकांचा शेवट असा पुनर्मुक्तीत झाला, की हाक ही स्वातंत्र्याची वैरीण न राहता त्याची किल्ली होते. साखळीसुद्धा मधूनमधून पाच मिनिटे लावून सोडावी, म्हणजे ती केवळ परतीची निशाणी ठरत नाही. याच्याच जोडीला, कुत्रा हाकेवाचून आपण होऊन मागे वळून पाहील, त्या प्रत्येक वेळी त्याचे कौतुक करावे, जमल्यास घास द्यावा. मला तर या न मागितलेल्या नजरेचे मोल आज्ञापालनाहून अधिक वाटते, कारण जो कुत्रा स्वेच्छेने मालकाची खबर ठेवतो त्याला हाक मारण्याचा प्रसंगच क्वचित येतो. चैत्रवैशाखाच्या उन्हात धापा टाकणारा कुत्रा घास नाकारील. तेथे पाणी व सावली हाच मोबदला. थंड हवेतही तो आवडीचा घास नाकारू लागला, तर तो भ्यालेला आहे किंवा अतिशय उत्तेजित झाला आहे असे समजून त्याला अधिक शांत जागी न्यावे.

शिकवणीचा क्रम साधा आहे: प्रथम घरातली खोली, मग अंगण, मग सुनसान मैदान. घरात शिकलेली गोष्ट बाहेर आपोआप लागू होते, असे कुत्र्याचे मन नाही. प्रत्येक नव्या जागी त्याला ती जवळजवळ नव्याने शिकावी लागते. उघड्या माळावर दहा ते पंधरा मीटरची हलकी दोरी, गळ्याला नव्हे तर छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला बांधून, जमिनीवर लोळती सोडावी. हाताला तिचे वेढे घेऊ नयेत आणि करवंदीच्या जाळ्यांत ती नेऊ नये. या दोरीने त्याला ओढून आणायचे नसते, हाक न ऐकता दूर निघून जाण्याचे बक्षीस त्याला मिळू नये एवढीच तिची तजवीज. तो रेंगाळला तर त्याच्याकडे धावण्याऐवजी आपणच उलट दिशेने चार पावले पळावे, किंवा खाली बसावे. पाठलाग करणारा मालक त्याला खेळगडी वाटतो.

घाटमाथ्यावर वारा आवाज उडवून नेतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या आवाजातली भीती कुत्र्याला तत्काळ कळते. म्हणून शिट्टी बरी, कारण तिचा सूर मालकाच्या मनःस्थितीप्रमाणे बदलत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात मानवी कानाच्या पलीकडला सूर काढणारी शिट्टी बनवून, ती हातातल्या काठीत बसवून प्राणिसंग्रहालयात प्राण्यांवर अजमावली होती, आणि आजची तथाकथित मूक शिट्टी ही तिचीच वंशज. तरी नवशिक्याने आपल्यालाही ऐकू येईल अशीच शिट्टी घ्यावी, म्हणजे ती वाजली की नाही याचा संशय राहत नाही.

साधारण सहासात महिन्यांपर्यंत सावलीसारखे मागे फिरणारे पिलू आठव्या महिन्याच्या सुमारास एकाएकी बहिरे झाल्यासारखे वागू लागते, तेव्हा पुष्कळांचा धीर सुटतो. २०२० साली इंग्लंडमधील संशोधकांनी मार्गदर्शक म्हणून तयार होणाऱ्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की, या वयात ते परक्याचे ऐकतात, पण आपल्या पालकाचेच ऐकेनासे होतात. हा वयाचा धर्म आहे व तो ओसरतो. त्या मुदतीत दोरी पुन्हा बांधावी आणि रागावर ताबा ठेवावा.

तथापि एक मर्यादा मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. पाठलाग हाच स्वतः इतका प्रबळ मोबदला आहे की त्यापुढे कलेजी फिकी पडते. कारवानी, पश्मी यांसारखी दृष्टीने शिकार करणारी आपली जातिवंत कुत्री एकदा वेगात आली की हाक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निपज त्याचसाठी झालेली आहे. हाक मारण्याचा क्षण त्याच्या आधीचा: कान टवकारले, शेपूट ताठरली, एक पाय अधांतरी थांबला, की तेव्हाच बोलवावे. ज्याचा हा आवेग तालमीनंतरही आवरत नाही, त्याला आयुष्यभर लांब दोरीवरच फिरवावे. त्यात त्याचा अपमान नाही आणि आपला पराभवही नाही.

शिवाय, उत्तम शिकलेल्या कुत्र्यालाही सह्याद्रीत सर्वत्र मुभा नाही. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड यांसारख्या अभयारण्यांत त्याला नेऊच नये. भेकरांना व जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांना त्याचा नुसता वासही पुरेसा त्रासदायक होतो, आणि कुत्र्यांचे रोग रानटी मांसभक्षकांना जडतात. २०१८ साली गीरच्या सिंहांत कॅनाइन डिस्टेंपरची लागण होऊन कित्येक सिंह दगावले, तो विषाणू कुत्र्यांतही आढळणाराच. उलट बाजूने, अकोले भागातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणून दिवस कलण्यापूर्वीच साखळी लागलेली असावी. निसरड्या कड्यांवर, वानरांच्या टोळीजवळ आणि तटबंदीच्या ढासळलेल्या भागातही तीच सावधगिरी. धनगराची मेंढरे समोरून येताना दिसली, तर कुत्र्याला बोलावून, घास देऊन, वाटेच्या खालच्या अंगाला साखळीनिशी उभे राहावे, मेंढपाळाला आधी जाऊ द्यावे, आणि त्याच्या राखणदार कुत्र्यांसह कळप पुरता दृष्टीआड झाल्यावरच आपल्या कुत्र्याला पुन्हा ‘जा’ म्हणावे.