चर्चचा हॉल, गावाचा कट्टा

मुंबईचं विल्सन कॉलेज माहितीये ना? ते १८३२ मध्ये सुरू करणारे जॉन विल्सन स्कॉटलंडमधल्या लॉडर या छोट्या गावचे. तिथल्या खेड्यांत चर्च म्हणजे गावाचा कट्टाच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुगीची प्रार्थना होते. लोक भाज्या, जॅम, डबाबंद पदार्थ आणतात आणि ते बऱ्याचदा गरजूंसाठीच्या फूड बँकेत जातात. डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच अंधारतं, तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये गरमागरम सूप आणि गप्पा! पण १९५० च्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडचे १३ लाखांच्या आसपास सदस्य होते, आता ३ लाखही नाहीत. इमारती विकल्या जातायत. प्रार्थना काय, घरीही होईल. एकट्या आजी-आजोबांनी सूप प्यायला जायचं कुठे? तुमच्या गावातली अशी जागा कोणती? तिच्या खुर्च्या मांडायला तुम्ही जाता का?