गुणवत्ता मोजायची कुणी?

गुणवत्तेचा ठेका घेतलेल्यांनी कॅटालिन कॅरिको यांचा इतिहास वाचावा. हंगेरीतील खाटकाची ही लेक अमेरिकेत आरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिन बनविण्याचा निरोप देणाऱ्या रेणूवर, संशोधन करीत होती. अनुदान मिळत नाही म्हणून १९९५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर ढकलले. त्या मागे हटल्या नाहीत.

बाहेरून दिलेल्या आरएनएला शरीर शत्रू समजे, दाह होई. कॅरिको व ड्र्यू वाइसमन यांनी त्यातील युरिडिनच्या जागी सुडोयुरिडिन घातले आणि दाह ओसरला. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याच पायावर २०२० साली कोरोनाची लस उभी राहिली. २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले.

आमचा सवाल एवढाच, नापास कोण झाले? कॅरिको, की त्यांना मोजणारी फूटपट्टी?